आपल्या रॉ फाइली उद्या कोण उघडणार?

लग्नाच्या ऑर्डरी घेणारा बेळगावातला फोटोग्राफर आज कॅमेऱ्यावर दीड-दोन लाख रुपये घालायला कचरत नाही. घेताना तो सेन्सर बघतो, फोकस बघतो, मांडवातल्या अंधारात आयएसओ, म्हणजे उजेडाची संवेदनक्षमता, किती वाढवेपर्यंत फोटो टिकतो ते बघतो, ईएमआय किती पडतो ते तर बघतोच. या कॅमेऱ्यातून निघणारी रॉ फाइल, म्हणजे सेन्सरने मोजलेले कच्चे आकडे जसेच्या तसे ठेवणारी फाइल, पंधरा वर्षांनी कशात उघडेल, हे मात्र दुकानात कुणी विचारत नाही. विचारलं तर दुकानदारही गडबडेल. मला वाटतं, हा प्रश्न त्या फोटोग्राफरच्या खिशापुरता नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात गेल्या वीस वर्षांत जे काही टिपलं गेलं, त्यातलं बहुतेक सगळं खासगी हार्ड डिस्कांवर पडून आहे. ते उघडणारं सॉफ्टवेअर जिवंत ठेवणं, प्रत्येक नव्या कॅमेऱ्यासाठी ते सुधारत राहणं, हे वाचनालय चालवण्याइतकंच सार्वजनिक काम आहे. आणि या कामाला आपला हातभार जवळजवळ नाहीच.

ही फाइल म्हणजे काय, ते आधी सांगतो. सेन्सरवरच्या प्रत्येक बिंदूला एकच रंग मोजता येतो. कोडॅक कंपनीतल्या ब्राइस बेयर यांनी आखलेल्या आणि १९७६ साली पेटंट मिळालेल्या जाळीत निम्मे बिंदू हिरव्याचे, पाव लालचे आणि पाव निळ्याचे. उरलेले दोन रंग शेजारच्या बिंदूंवरून हिशेबाने भरायचे. म्हणजे आपण ज्याला फोटो म्हणतो त्यातली दोन-तृतीयांश रंगमाहिती कॅमेऱ्याने मोजलेलीच नसते, ती कुणीतरी लिहिलेल्या गणितातून आलेली असते. जेपीईजी काढताना कॅमेरा हे गणित स्वतः उरकतो आणि प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या ठेवून बाकीचं टाकून देतो. १४ बिटांच्या रॉ फाइलमध्ये त्याच रंगाच्या १६,३८४ पायऱ्या असतात आणि गणित करायचं बाकी असतं. ते कुणी आणि कधी करायचं, हे आपल्या हातात राहतं.

याचा उपयोग बेळगावकराला कुठे कळतो? शिवजयंतीच्या मिरवणुकीत. आमच्याकडे चित्ररथ वैशाखात निघतात, रात्री उशिरापर्यंत चालतात, आणि हल्ली प्रत्येक रथावर एलईडीचा मारा असतो. अशा उजेडात भगवा झेंडा टिपला की लाल रंग आधी कमाल आकड्याला टेकतो, हिरवा मात्र वर चढतच राहतो, आणि कॅमेऱ्याच्या जेपीईजीत भगव्याचा पिवळा होतो. बेळगावात भगव्याचा पिवळा होणं हा निव्वळ तांत्रिक दोष उरत नाही, हे इथल्या वाचकाला वेगळं सांगायला नको. निळ्या एलईडीचं दुखणं याहून वाईट. तो निळा छापील किंवा पडद्यावरच्या रंगांच्या कक्षेत बसतच नाही, आणि ढोल वाजवणाऱ्या पोराच्या चेहऱ्यावर एक सपाट निळा डाग उरतो. रॉ फाइलमध्ये पुष्कळदा सेन्सरने लाल रंग नीट मोजलेला असतो, तो बुडतो पुढच्या प्रक्रियेत. चांगलं सॉफ्टवेअर तो परत काढून देतं.

आता 'चांगलं' हे वर्षागणिक बदलतं. डार्कटेबल या मुक्त, म्हणजे कुणीही फुकट वापरावं आणि सुधारावं अशा सॉफ्टवेअरमध्ये प्रखर उजेड हाताळणारं 'फिल्मिक' हे मॉड्यूल, म्हणजे एका कामापुरता भाग, २०१८च्या अखेरीस आलं, वेगवेगळ्या दिव्यांचा मिश्र उजेड सांभाळणारं 'कलर कॅलिब्रेशन' २०२०च्या अखेरीस आणि त्याहून सोपं 'सिग्मॉइड' २०२२च्या डिसेंबरात. अडोबी कंपनीच्या लाइटरूम या विकतच्या सॉफ्टवेअरमध्ये फोटोतले दाणे काढणारं, एआयवर चालणारं डीनॉइज २०२३ साली आलं. याचा अर्थ, २०१२च्या मिरवणुकीची रॉ फाइल जपली असेल तर आज तिच्यातून त्या वेळी निघाला त्यापेक्षा सरस फोटो निघतो. जेपीईजी जपली असेल तर जे आहे ते आहे. म्हणून अपडेट म्हणजे नव्या कॅमेरेवाल्यांचे लाड, ही समजूत चुकीची. अपडेटचा खरा लाभ जुन्या फाइलींना होतो.

आमच्या गावोगावी महालक्ष्मीची यात्रा कुठे पाच वर्षांनी भरते, कुठे बारा, कुठे त्याहून जास्त. रथ ओढला जातो, भंडाऱ्याने सगळा गाव पिवळा होतो, आणि पुढची यात्रा येईपर्यंत एक पिढी शाळेतून संसारात गेलेली असते. दोन यात्रांच्या मधल्या काळात कॅमेऱ्यांच्या चार पिढ्या होतात, विंडोज दोनदा बदलतं, एखादी कंपनी धंदाच गुंडाळते. गेल्या यात्रेचे फोटो या यात्रेला लावायचे म्हटलं की फोटोग्राफर हार्ड डिस्क काढतो, आणि तिथे खरी परीक्षा लागते. शहापुरातल्या एखाद्या बंद स्टुडिओत साठ वर्षांपूर्वीची निगेटिव्ह सापडली तर ती खिडकीसमोर धरली की नवरा-नवरी दिसतात. बुरशी धरली असेल, कडा करपल्या असतील, तरी दिसतात. रॉ फाइलचं तसं नाही. ती वाचणारा प्रोग्राम नसेल तर आतले आकडे शाबूत असूनही फोटो नाही.

कंपन्या हे प्रोग्राम देतातच की, असं म्हणणाऱ्यांनी थोडा इतिहास पाहावा. ॲपलने ॲपर्चर हे आपलं रॉ फाइलींचं सॉफ्टवेअर थांबवत असल्याचं २०१४ साली जाहीर केलं. २०१९ची मॅक प्रणाली आली तेव्हा ते चालेनासंच झालं. एकदा पैसे भरून कायमचं घ्यायचं शेवटचं लाइटरूम म्हणजे आवृत्ती ६, एप्रिल २०१५ची. तिला शेवटचं अपडेट डिसेंबर २०१७मध्ये मिळालं. त्यानंतरचा कॅमेरा घेतला तर लाइटरूम ६ त्याची फाइल ओळखत नाही. रॉ फाइल डीएनजी या जाहीर मांडणीत बदलणारा अडोबीचाच फुकट कन्व्हर्टर मध्ये घालून मार्ग काढता येतो, पण मुद्दा कळला असेल. महिन्याचं भाडं भरत राहा, नाहीतर तुमचा नवा कॅमेरा तुमच्या जुन्या सॉफ्टवेअरशी बोलणार नाही.

कॅमेरा कंपन्या तर याहून वरचढ. रॉ फाइलची आतली मांडणी बहुतेक कंपन्या गुप्त ठेवतात. २००५ साली निकॉनने डी-२एक्स या कॅमेऱ्याच्या फाइलमध्ये व्हाइट बॅलन्सची, म्हणजे पांढरा पांढराच दिसावा म्हणून लागणारी, नोंद कुलूपबंद केली, त्यावर जगभर आरडाओरडा झाला. कॅननने २०१८ साली एम-५० कॅमेऱ्याबरोबर सीआर-३ ही नवी फाइल आणली. ती उघडणारं डार्कटेबल निघायला डिसेंबर २०२१ उजाडला. निकॉनच्या झेड-९मध्ये 'हाय एफिशियन्सी' नावाने जी दाबून लहान केलेली रॉ फाइल मिळते, तिचं तंत्र इंटोपिक्स या बेल्जियन कंपनीकडून घेतलेलं. ती फाइल मुक्त सॉफ्टवेअरला वर्षानुवर्षं उघडता आली नाही. फोटो मी काढला, कार्ड माझं, वीज माझी, आणि फाइल वाचायला परवाना तिसऱ्याचा. यात कुणाला काही वावगं वाटत नाही, याचंच मला नवल वाटतं.

या कुलपांवर ज्याने सगळ्यात आधी हात चालवला तो एकटा माणूस होता. डेव्ह कॉफिन यांनी १९९७ साली डीसीरॉ हा प्रोग्राम लिहायला घेतला. सी भाषेतली एकच लांबलचक फाइल. कुठल्याही कॅमेऱ्याची रॉ तिच्यातून घातली की चित्र बाहेर. कंपन्या माहिती देत नव्हत्या, म्हणून हे गृहस्थ फाइली उघडून, आकडे जुळवून मांडणी शोधत गेले. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत परदेशी मशीनचा सुटा भाग मिळाला नाही की जुना भाग खोलून, मायक्रोमीटरने मोजून तसाच बनवणारे कारागीर आहेत. त्यांना हे काम एका वाक्यात समजेल. पुढे फुकट आणि विकतच्या अशा कितीतरी सॉफ्टवेअरांनी डीसीरॉचा आधार घेतला. त्याची शेवटची आवृत्ती २०१८ची. तोवर त्याच मुळावर लिबरॉ ही लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रामांनी वापरायचा तयार कोड, उभी राहिली होती, आणि आज ते ओझं अशा कामांमागची मोजकी माणसं वाहतात.

योहानेस हानिका यांनी २००९ साली सुरू केलेलं डार्कटेबल आणि गाबोर होर्वाथ यांनी २००४ साली सुरू करून २०१०मध्ये जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली खुलं केलेलं रॉथेरपी ही आजची मुक्त सॉफ्टवेअरमधली दोन मोठी नावं. डार्कटेबल विंडोजवर यायलाच डिसेंबर २०१७ उजाडला, त्यामुळे आमच्याकडच्या स्टुडिओंना ते फारसं माहीत नसणं समजण्यासारखं आहे. दोन्हींतून पुढे फुटून नवे संसारही थाटले गेले: रॉथेरपीतून एआरटी, डार्कटेबलमधून ॲन्सेल. फाटाफुटीचं आम्हा सीमावासीयांना नवल नाही. फरक इतकाच, की इथे फुटून निघालेल्याला घरातली सगळी चीजवस्तू कायदेशीर सोबत नेता येते आणि मागे राहिलेल्याचंही काही कमी होत नाही.

आता अपडेट म्हणजे प्रत्यक्षात काय, याकडे वळू, कारण आपला सहभाग इथेच शक्य आहे. नवा कॅमेरा बाजारात आला की त्याची फाइल कशी दाबली आहे हे आधी शोधायचं. कडेच्या किती ओळी निरुपयोगी आहेत ते ठरवायचं. 'काळा' म्हणजे नेमका कुठला आकडा आणि 'पांढरा' कुठे संपतो, हे मोजायचं. त्या सेन्सरचा लाल-हिरवा-निळा डोळ्यांच्या रंगांशी कसा जुळवायचा याचं कोष्टक लागतं. प्रत्येक आयएसओला दाणे किती उठतात, त्याची वेगळी नोंद. लेन्सच्या वक्रतेची आणखी वेगळी, ती लेन्सफन नावाच्या डेटाबेसमध्ये. यातला एक आकडा हुकला तरी चेहऱ्यावर दिसतो. काळ्याचा आकडा चुकला तर सावल्या जांभळट नाहीतर हिरवट होतात. पांढऱ्याचा चुकला तर नवरदेवाच्या पांढऱ्या शर्टाला जिथे उजेड जोरात पडलाय तिथे गुलाबी झाक येते, आणि अल्बम बघताना नवरीची आत्या नेमकं तिथेच बोट ठेवते.

हे आकडे आकाशातून पडत नाहीत. तो कॅमेरा ज्याच्या हातात आहे त्याने नमुना फाइली द्याव्या लागतात. रॉ डॉट पिक्सल्स डॉट यूएस या ठिकाणी जगभरचे लोक अशा फाइली सार्वजनिक मालकीच्या म्हणून ठेवतात: कार्डावरून थेट उचललेल्या, १२ बिटची वेगळी, १४ बिटची वेगळी, दाबलेली वेगळी, न दाबलेली वेगळी. ज्या कॅमेऱ्याचे नमुने कुणी दिले नाहीत, तो पाठिंब्याच्या यादीत रेंगाळतो. इथे प्रोग्रामिंग येण्याची गरज नाही. ट्रायपॉड, एक भिंत आणि अर्धी दुपार पुरते. कॅमेऱ्याच्या मेनूतले पर्याय एकेक करून बदलायचे आणि फोटो काढायचे. फाइल सगळ्यांसाठी खुली होणार म्हणून त्यात कुणाचा चेहरा येऊ द्यायचा नाही, एवढं पथ्य. लग्नसराई संपली की पावसाळ्यात आमचे फोटोग्राफर जांबोटी-कणकुंबीकडे धबधब्यांवर प्री-वेडिंग सोडून दुसरं काय करतात? तालुक्याच्या संघटनेने ठरवलं तर आपल्या सभासदांकडच्या सगळ्या कॅमेऱ्यांचे नमुने एका पावसाळ्यात पाठवून होतील.

ज्यांना प्रोग्रामिंग येतं त्यांची तर बेळगावात वाण नाही. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचं मुख्यालय १९९८पासून इथेच आहे, अभियांत्रिकी महाविद्यालयं हाकेच्या अंतरावर. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी दरवर्षी हजेरीपट, ग्रंथालय व्यवस्थापन आणि पार्किंगची ॲपं तयार होतात. त्यातली काही तयारच विकत मिळतात, हे गुपित नाही. त्याऐवजी चार पोरांच्या गटाने रंग भरण्याच्या दोन पद्धती घेऊन आपल्याकडच्या पैठणीच्या आणि शहापुरी साडीच्या बारीक वीणकामावर त्या कुठे फसतात हे तपासलं, किंवा ग्राफिक कार्ड नसलेल्या जुन्या संगणकावर एखादं मॉड्यूल का रखडतं ते शोधलं, तर त्यातून जगाच्या उपयोगाची एक दुरुस्ती तरी निघेल. ती स्वीकारली जाताना परदेशातला अनोळखी माणूस ओळ न् ओळ तपासेल, दोनदा परत पाठवेल. असा परीक्षक कुठल्या कॉलेजात मिळतो?

आता दुसरी बाजू. धंदेवाईक फोटोग्राफर मला सांगतात, गिऱ्हाइकाला उद्या सकाळी व्हॉट्सॲपवर फोटो पाहिजेत. रॉ वगैरे सोडा, जेपीईजीत काम भागतं. लग्नापुरतं ते खरंही आहे. दोन हजार फोटोंच्या रॉ सांभाळायच्या तर डिस्कचा खर्च कोण देणार, हाही रास्त सवाल. सगळ्या लग्नांच्या सगळ्या फाइली जपा असं मी म्हणतच नाही. मिरवणूक, यात्रा, हलशीच्या देवळांचं दगडकाम, पाडायला निघालेला वाडा, शेवटचे उरलेले हातमाग: जे पुन्हा टिपता येणार नाही ते जपा, एवढंच म्हणणं आहे. दुसरा आक्षेप असा, की विकतचं सॉफ्टवेअर सोपं असतं, नव्या कॅमेऱ्याला लवकर पाठिंबा देतं, आणि त्याचं वर्षाचं भाडं एका ऑर्डरीत निघतं. हेही मान्य. ज्याला परवडतं त्याने बिनदिक्कत घ्यावं. डार्कटेबल पहिल्यांदा उघडणाऱ्याला घाम फुटतो. मॉड्यूलांची गर्दी, एकाच कामाचे तीन रस्ते, आणि त्यातला कुठला आता जुना झाला हे सांगणारं जवळ कुणी नाही. त्याचे कर्ते हौशी आहेत, त्यांना गिऱ्हाइकाची घाई कळत नाही.

पण भाडं भरणारे किती आहेत ते बघा. आमच्या पट्ट्यात कितीतरी दुकानांत चालतं ते क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर, कुणीतरी पेनड्राइव्हवर आणून दिलेलं. नैतिकतेचं प्रवचन मी करणार नाही. धंद्याचाच हिशेब मांडतो. क्रॅक कॉपीला अपडेट करायची भीती, म्हणून ती जिथल्या तिथे थिजते. फोटोशॉप सीएस-६मधला रॉ फाइली उघडणारा 'कॅमेरा रॉ' हा भाग २०१५च्या ९.१.१ आवृत्तीवर थांबला. त्यावर बसलेल्या माणसाने नवा कॅमेरा घेतला की तो नाइलाजाने जेपीईजीवर येतो. दीड लाखाच्या कॅमेऱ्याचा निम्मा जीव फुकटच्या जुन्या सॉफ्टवेअरपायी वाया जातो. अशा माणसाला कायदेशीर, फुकट आणि वर्षातून दोनदा सुधारणारं साधन मिळू शकतं, फक्त ते त्याच्या भाषेत शिकवणारं कुणीतरी हवं. मेनू इंग्रजीत असला तरी बिघडत नाही, आमच्या पोरांना मेनू पाठ होतात. समजावणारा मात्र मराठीत बोलणारा हवा, आणि त्याच्या हातात जर्मनीतल्या जंगलाच्या फोटोऐवजी हळदीच्या मांडवाची फाइल हवी.

हे सगळं आपणच का करायचं, असाही प्रश्न येतो. त्याचं कारण आमच्या जागेत आहे. बंगळुरूला बेळगाव आठवतं ते सुवर्ण विधानसौधात हिवाळी अधिवेशन भरतं तेव्हा, आणि मुंबईला आठवतं ते भाषणाच्या शेवटी. सीमाप्रश्नाचा दावा सर्वोच्च न्यायालयात २००४पासून आहे. तो लागेल तेव्हा लागेल. तोवर इथल्या मराठी जगण्याचं दृश्य दप्तर सांभाळायला दोन्ही राजधान्यांतून कुणी येईल, या आशेवर बसण्यात अर्थ नाही. १८४८ साली ज्यांनी इथे सार्वजनिक वाचनालय काढलं तेही कुणाची वाट बघत बसले नव्हते. आज त्याच धर्तीच्या संस्थांनी कार्यक्रमांचे फोटो मागताना निवडक फोटोंची रॉ, तिच्याबरोबरची एक्सएमपी ही छोटी फाइल आणि एक पूर्ण आकाराची टिफ, म्हणजे तयार फोटोची फाइल, मागून घ्यावी. एक्सएमपीत केलेल्या दुरुस्त्यांची नोंद साध्या मजकुरात असते. पुष्कळजण ती कचरा समजून उडवतात. दुरुस्त्यांची ही नोंद पाळण्यात मुक्त सॉफ्टवेअर इमानी आहे, हेही सांगितलं पाहिजे. डार्कटेबल जुनी मॉड्यूल नव्या कामासाठी बंद करतं, पण जुन्या फोटोवर ती पूर्वीसारखीच चालवतं.

उरला सरकारचा भाग, आणि तो मी मुद्दाम छोटा ठेवतो, कारण सरकारकडे मोठं मागितलं की समिती मिळते. निधी नको, धोरण नको. विद्यापीठं, पुरातत्त्व खातं, माहिती खातं, महानगरपालिका जेव्हा कॅमेरे विकत घेतात, तेव्हा निविदेत एक अट घालावी: या कॅमेऱ्याची रॉ फाइल डीएनजीसारख्या जाहीर मांडणीत मिळावी, नाहीतर कंपनीने आपल्या फाइलची मांडणी लेखी द्यावी. हे अशक्य नाही. डीएनजीची मांडणी अडोबीने २००४ साली जाहीर केली आणि ती वापरायला पैसे पडत नाहीत. लायका आणि पेंटॅक्स कॅमेऱ्यातूनच ती देतात, अँड्रॉइड फोनांना २०१४पासून तिची सोय आहे, ॲपलचं प्रोरॉही तीच. मोठ्या कंपन्या एका बेळगाव महापालिकेच्या चार कॅमेऱ्यांसाठी आपली रीत बदलणार नाहीत, हे मलाही कळतं. पण सरकारी निविदांचे मसुदे एकमेकांवरून उतरवले जातात, एका खात्यात घुसलेली अट दहा खात्यांत आपोआप पोचते, आणि कर्नाटक सरकार दरवर्षी घेतं ते कॅमेरे चार नसतात. अट महापालिकेच्या मराठी नगरसेवकाने मांडली की कन्नड, याने फाइलला फरक पडत नाही. निविदा कन्नडमध्येच निघणार, निघू दे; ही एक ओळ तिच्यात आली तर भाषांतराची मागणी आम्ही करणार नाही.